आमच्या बांधीतली सडक

आमच्या गावाहून गोंदियाला जायला दोन वाटा होत्या आणि दोन्ही लांबच्या होत्या.

एक वाट गावाखालच्या नाल्यातून जायची. नाल्याचा उतार इतका अरुंद की एका वेळी एकच बंडी खाली जाऊ शके, आणि रेतीत चाक रुतलं की मागच्या बंडीचे बैल सोडून आणून पुढच्या बंडीला जुंपावे लागत. नाला ओलांडला की मात्र मुरमाची रुंद सडक होती. ती मोठा वळसा घालून शहरात शिरायची. दुसरी वाट गावाच्या वरच्या अंगाने, रानातून. तीही रुंद होती, सावलीची होती, पण शेवटी शहराच्या तोंडाशी मोठा तलाव लागायचा आणि त्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, बंडी न्यावी लागायची. पाळीवर एकच बंडी मावे. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला उभी उतरण. म्हणजे प्रत्येक वाटेवर अडचणीची जागा एकच होती. एकीवर अगदी सुरुवातीला, दुसरीवर अगदी शेवटी.

धान निघाले की परिसरातल्या बंड्या पोती भरून शहरातल्या गिरण्यांकडे जायच्या. अर्धे लोक नाल्याने जात, अर्धे रानाने. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ज्याचा बाप नाल्याने जायचा तो नाल्याने जाई. कोणत्याही वाटेने गेलं तरी ऊन तापायच्या आत माणूस गिरणीच्या दारात पोचायचा आणि तिथे बैल सोडून चहा प्यायचा.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. विकास खंडाचे साहेब जीपमधून गावोगाव येऊ लागले होते आणि श्रमदान हा शब्द आमच्या लोकांच्या तोंडी बसला होता. एका उन्हाळ्यात आमच्या गावानेही ठरवलं की आपण सडक करायची. नाला ओलांडल्यावर जिथे मुरमाची सडक सुरू होते, तिथून सरळ तलावाच्या पाळीपर्यंत मध्ये नुसत्या बांध्या होत्या. आमच्याकडे धानाच्या खाचराला बांधी म्हणतात. त्या बांध्यांतून सरळ सडक काढली तर नाला ओलांडून थेट पाळीवर जाता येईल. मुरमाच्या सडकेचा वळसा वाचेल आणि रानाचा फेराही वाचेल. साहेबांनी मातीवर काडीने रेघ ओढून दाखवली. ती रेघ पाहून नाही म्हणणारा एकही माणूस तिथे नव्हता.

त्या रेघेत आमच्या दोन बांध्या जात होत्या. बाबांचं मन होत नव्हतं. त्यांना राजी केलं ते माझ्या थोरल्या भावाने. दादा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. चौथीनंतर त्याने शाळा सोडली, कारण घरातून एकालाच शिकवता येणार होतं आणि मी नुकताच पाटी धरायला शिकलो होतो. तेव्हा कोणी त्याला विचारलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी नागपूरच्या कॉलेजात गेलो तो त्याच्या अंगमेहनतीवर गेलो. माझ्या आधी आमच्या घरात चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं.

दादा बाबांना म्हणाला, "बांधीचं काय घेऊन बसले बाबा. बाबू नागपूरले जाते तं दुपारच्या गाडीची वाट पाहत टेसनावर बसून राहते. सडक झाली का सकाळची गाडी सापडन त्याले."

माझ्यासाठी म्हटल्यावर बाबांनी बांध्या दिल्या.

तो सगळा उन्हाळा दादा त्या सडकेवर होता. दगड उचलायचा, मुरमाची टोपली भरायचा, बांध्यांचे धुरे, म्हणजे कडेचे बांध, फोडायचा. त्याला जांघेत एक गाठ होती. ओझं उचललं की ती खाली उतरायची, मग तो एखाद्या झाडाखाली उताणा पडून ती हाताने आत सारायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. शहरातल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला आधीच बजावलं होतं की गाठ आत जाते तोवर ठीक, पण ज्या दिवशी ती जाणार नाही त्या दिवशी तासाचाही उशीर करायचा नाही, सरळ इकडे यायचं. दादाने ते घरी हसत सांगितलं होतं. वहिनी हसली नव्हती.

सडक झाली. साहेबांनी आंब्याची डहाळी बांधलेली दोरी तोडली, पोरांना गूळ वाटला. पावसाळा उलटला, धान कापून झालं, मळण्या झाल्या आणि बंड्या निघाल्या.

पुढचं सांगण्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. एका गावच्या बंड्या एका रांगेत निघतात आणि ती रांग तुटू द्यायची नसते. पूर्वी रानात लुटालूट व्हायची, तेव्हापासूनची ही रीत. मागच्या बैलांचा कासरा पुढच्या बंडीला बांधलेला असतो. मध्ये दुसऱ्या गावची बंडी घुसू दिली तर तो गावाचा अपमान. म्हणून नाल्याच्या उतारावर एखाद्या गावची रांग लागली की ती अख्खी पार होईस्तोवर बाकीची गावं उभी. दोन वाटा होत्या तेव्हा हे चालून जायचं. आता सगळीच गावं नाल्यावर आली, कारण नाल्यापलीकडे नवी सडक होती. आणि नवी सडक सगळ्यांना पाळीवरच नेऊन सोडत होती. पूर्वी प्रत्येकाला एकच अडचण ओलांडावी लागे, आता प्रत्येकाला दोन्ही ओलांडाव्या लागू लागल्या.

हे आज मी इतक्या सहज लिहितो. पुढे मास्तर झाल्यावर मी फळ्यावर हा नकाशा काढून मुलांना कितीदा विचारलं आहे की वाट वाढली तर उशीर कसा होईल, आणि मुलं तोंडाकडे बघत राहतात. तेव्हा गावात कोणालाच ते सुचलं नाही. लोक पहाटेऐवजी त्याच्याही आधी निघू लागले. मग सगळेच तसे निघू लागले. दिवस मावळायला गिरणीत पोचू लागले. काही जण जुन्या रानवाटेने गेले, पण पाळीच्या तोंडाशी येऊन त्यांनाही नव्या सडकेच्या रांगेमागेच थांबावं लागलं. मग तेही म्हणाले, मरो ते रान. आमचे लोक परगावच्यांना शिव्या देत, परगावचे आमच्या बैलांची चेष्टा करत की यांचे बैल सासरी चालल्यासारखे चालतात. दादाला मात्र त्या गर्दीचा अभिमान होता. तो म्हणायचा, "सडक चांगली आहे म्हणून तं सारे येऊन राहिले ना. खराब असती तं कोण आलं असतं?"

मी हिवाळ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. एका सकाळी दादा गोठ्यात शेण काढत असताना खाली बसला. गाठ उतरली होती आणि आत जात नव्हती. त्याने दोनदा उताणं पडून पाहिलं. मग त्याला ओकारी झाली आणि त्याच्या ओठांचा रंग गेला. बाबांनी बैल जुंपले. बंडीत धानाचं तणस अंथरलं, वर गोधडी. वहिनी कडेवर लेकरू घेऊन बंडीच्या चाकाला हात लावून उभी होती.

"दुपारच्या आत पोचाल ना जी?" तिने बाबांना विचारलं.

"पोचतो ना," बाबा म्हणाले.

नाल्यावर तीन गावांच्या रांगा उभ्या होत्या. मी पुढे धावत गेलो, हात जोडले, आजारी माणूस आहे म्हणून सांगितलं. लोक वाईट नव्हते. ज्यांचा कासरा सोडवता आला त्यांनी सोडवला, रांग मध्ये तोडू दिली, एकाने आपला बैल बाजूला ओढताना स्वतःचा पाय चेंगरून घेतला. पण उतारावर ज्या बंड्या आधीच होत्या त्यांना मागे घेता येत नव्हतं. बैल मागे चालत नाहीत. एक चाक रुतलं. मग दुसरं. आम्ही नाला ओलांडला तेव्हा ऊन चढलं होतं आणि दादा कण्हायचाही थांबला होता.

पलीकडे दोन वाटा फुटत होत्या. उजवीकडे मुरमाची सडक, समोर आमची. बाबांनी बैल थांबवले. मुरमाच्या सडकेवर एकही बंडी दिसत नव्हती, पण तिचा वळसा सगळ्यांना ठाऊक होता. समोरच्या सडकेवर बंड्या होत्या, पण त्या चालत होत्या. चाकं फिरताना दिसत होती. बाबांनी मागे वळून दादाकडे पाहिलं. त्यांनी विचारलंही नव्हतं, तरी दादा बोलला.

"नव्या सडकेनं घ्या, बाबा. जवळ पडते."

बाबांनी बैल समोर हाकले. आमच्याच बांध्यांतून आमची बंडी गेली. दादाने हाताने बसवलेल्या दगडांवरून चाकं खडखडली की तो डोळे मिटायचा. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. माझ्या मनात एकच गोष्ट होती, की दवाखाना पाळीच्या पलीकडे लगेच आहे.

पाळीवर चढलो आणि थोड्या अंतरावर रांग थांबली. पुढे कुठेतरी एका बंडीचा आस मोडला होता. किती पुढे ते दिसत नव्हतं. नुसती पोतीच पोती दिसत होती, आणि त्यांच्या पलीकडे गिरण्यांची धुराडी. मागून आणखी बंड्या येऊन लागल्या. आता ना पुढे जाता येत होतं, ना मागे. बंडीच्या चाकात आणि पाण्यात वीतभर जागा. दुसऱ्या बाजूच्या उतरणीवरून मी पाहून आलो. तिथे पाझराचा चिखल कमरेएवढा होता.

मी ओरडायला लागलो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. पुढच्या बंडीवरचा माणूस मागे वळला. तो आमच्या गावचा नव्हता. सालेकशाकडच्या रानातला गोंड माणूस होता, रानवाटेने आला होता आणि पाळीच्या तोंडाशी आमच्या रांगेत सापडला होता. त्याने आपल्या पोत्यांवरून वाकून दादाकडे पाहिलं आणि विचारलं, "का झालं गा याले?" मी सांगितलं. तो वळला आणि पुढच्या बंडीवाल्याला त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. त्याने त्याच्या पुढच्याला सांगितलं. बंड्यांवरून माणसं उठून उभी राहताना मला दिसली.

"दे इकडे," तो मला म्हणाला.

वाट नव्हती, म्हणून ते लोक त्याला बंड्यांवरून नेणार होते. गोधडीची चार टोकं धरून, एका बंडीच्या पोत्यांवरून दुसऱ्या बंडीच्या पोत्यांवर, हातोहात. बाबांनी आपले बैल मागच्या माणसाच्या हवाली केले. आम्ही दादाला उचललं. त्या गोंड माणसाने त्याला आपल्या पोत्यांवर घेतलं, नीट निजवलं, आणि पुढच्या बंडीवरचे हात गोधडीकडे आले. ते हात मला अजून दिसतात. धानाच्या तुसाने पांढरे झालेले, बोटं पसरलेली.

दादा माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाबू, लोक किती आले ना सडकेवर."

तो आणखी काही म्हणाला नाही. पुढच्या माणसाने गोधडीचं टोक हातात घेतलं आणि मग हळूच खाली ठेवलं. बाबांनी दादाच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग कोणीच पुढे होईना. कोणाला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं. जित्या माणसाला धानावरून नेता येतं. मढं धानावरून न्यायचं नाही. धान म्हणजे लक्ष्मी. पुढच्या बंडीवरच्या म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहून हात जोडले आणि तोंड फिरवलं. मागे आमच्या बंडीत न्यावं, तर ती बंडीही वळणार नव्हती. मेलेल्या माणसालाही त्या रांगेतून बाहेर पडायला वाट नव्हती. त्यालाही शहराकडेच जावं लागणार होतं, दवाखान्याकडेच.

बाबा त्या गोंड माणसाला म्हणाले, "तुमचं धान बाटलं जी. आम्ही उतरवतो त्याले. इथंच बसतो पाळीवर."

तो म्हणाला, "कायले उतरवता? माझ्या धानावर निजला आहे तो. निजू दे."

त्याने आपलं पांघरूण काढून दादावर घातलं, खाली उतरला आणि बैलांच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने रांग हलली. मोडलेली बंडी लोकांनी ढकलून पाण्यात घातली होती. आम्ही पाळ उतरलो, तसा दवाखाना लागला. दार उघडं होतं आणि आत डॉक्टर खुर्चीत बसून काहीतरी लिहीत होते. गिरणीच्या फाटकातल्या मुनिमाने पोती पाहून हाक दिली, "ए, इधर लगाओ." गोंड माणसाने फाटकाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने पोती तशीच ठेवली आणि बैल मुरमाच्या सडकेला लावले, आम्हाला घरी पोचवायला.

ती सडक रिकामी होती. साऱ्या वळशात आम्हाला एकही बंडी भेटली नाही. बैल आपसूक धावत होते. रुंद, सपाट, कडेला मोहाची झाडं. बाबा सगळा वेळ सडकेकडेच पाहत होते. नाल्याजवळ आलो, तिथली रांग एव्हाना पुढे गेली होती, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले, आणि तेही कोणाला उद्देशून नाही. "सडक रिकामीच पडून आहे."

या वाटेने गेलो असतो तर वेळेत पोचलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही. नाल्यातच सकाळ गेली होती. वळसा खरोखरच मोठा होता. पण नवी सडक नसती तर अर्ध्या बंड्या नाल्यावर आल्याच नसत्या, इतकं मी जाणतो.

दिवस मावळायला अजून वेळ होता. आमची बंडी नव्हे, परक्याची बंडी, म्हणून वहिनीने लांबून ओळखलं नाही. मग तिने बाबांना ओळखलं आणि ती अंगणातून पुढे आली. एवढ्या लवकर परतलेले पाहून तिला वाटलं, बरं वाटलं असेल. तिच्या तोंडावर ते दिसत होतं. मी बंडीच्या मागे लपलो.

गोंड माणूस पाणी पिऊन, पोती घेऊन परत गेला. आमची बंडी पाळीवरचा तो मागचा माणूस रात्री घरी आणून सोडून गेला. गोंड माणसाने त्या धानाचं पुढे काय केलं ते आम्हाला कळलं नाही. त्याचं गाव विचारायचं राहून गेलं.

सुतक संपल्यावर बाबा कुदळ घेऊन बांधीत गेले. मी मागून गेलो. सडक जिथे आमच्या बांधीत शिरते तिथला दादाने फोडलेला धुरा त्यांनी पुन्हा घालायला घेतला. सडकेवर आडवा. बंड्या थांबल्या. लोक जमले. ज्यांनी श्रमदान केलं होतं ते जास्त चिडले. सडक सरकारची आहे, साहेबांना काय सांगायचं, एक वाट बंद केली तर होती तीही सोय जाईल, आधीच एवढा उशीर, आणखी किती करायचा? त्यांचं बोलणं मला त्या क्षणी बरोबर वाटत होतं. बाबांचं डोकं दुःखाने फिरलंय असंच मलाही वाटलं, आणि मी त्यांच्या हातातली कुदळ धरली.

बाबा माझ्याकडे न पाहता लोकांना म्हणाले, "त्या दिवशी मुरमाच्या सडकेवर कुत्रंही नव्हतं. रानातली वाटही जवळपास तशीच. सारे इथं. माझा पोरगाही इथं. दोन वाटा रिकाम्या ठेवून तुम्ही एका पाळीवर मरून राहिले. मी माझी बांधी परत घेतो."

 कोणाला ते पटलं नाही. पण बाबांच्या अंगावर हात टाकायला कोणी धजेना. मी कुदळ सोडली, टोपली उचलली आणि माती टाकू लागलो. संध्याकाळपर्यंत दोन्ही टोकांना धुरे उभे राहिले. दादाने बसवलेले दगड आम्ही उकरले आणि बांधाला लावले.

लोक आम्हाला शिव्या देतच आपापल्या जुन्या वाटांना लागले. कोणी रानाने, कोणी नाल्याने आणि मुरमाच्या सडकेने. आधी दोन दिवस ते शिव्या देत गेले. मग पुन्हा ऊन तापायच्या आत गिरणीत पोचू लागल्यावर शिव्या कमी झाल्या. मग कोणी त्या सडकेचं नावच काढेना.

मला कॉलेजात परत जायचं नव्हतं. शेतावर आता बाबा एकटे होते आणि वहिनीच्या कडेवर लेकरू होतं. मी तसं म्हणालो तेव्हा बाबा म्हणाले की ज्याने तुला पाठवलं त्याला विचारून ये, आणि विषय तिथेच संपवला. मी पुढे पदवीधर झालो तो त्या एका वाक्यावर. पण त्या वेळी मला त्याचा राग आला होता.

निघायच्या दिवशी बाबांनी पहाटेच्याही आधी बंडी रानाच्या वाटेला लावली. हंगाम चालूच होता. पुढे-मागे धानाच्या बंड्या होत्या. पाळीच्या तोंडाशी आल्यावर मी आमच्या बंडीतल्या पोत्यांमध्ये तोंड खाली घातलं. तसाच बसून राहिलो. बैल पाळीवर चढले, चालत राहिले, कुठेही थांबले नाहीत, आणि चाकांचा आवाज बदलला तेव्हा मला कळलं की पाळ संपली. ऊन अजून कोवळं होतं. दवाखान्याचं दार बंद होतं, उघडायची वेळ व्हायची होती.

स्टेशनात सकाळची गाडी उभी होती. बाबांनी माझी पेटी खाली उतरवली, गाडीकडे पाहिलं, मग बैलांकडे पाहिलं.

"सापडली तुले सकाळची गाडी," ते म्हणाले.